बियाण्याचं बिल, शेतकरी कंपनीचा दंड, सिमेंटचा भाव: हे कायदे शिकवणारा प्राध्यापक गावातून कसा घडतो?

पेरणी झाली, पाऊसही वेळेवर आला, पण बियाणं उगवलंच नाही. दुकानदार म्हणतो, "कंपनीला विचारा." कंपनी म्हणते, "तुम्हीच खोल पेरलं असेल." २०२०च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात सोयाबीनच्या बाबतीत अशा तक्रारींचा ढीग लागला होता. प्रकरण एवढं वाढलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

अशा वेळी शेतकऱ्याच्या हातात कोणता कायदा असतो? बियाणं विकत घेणारा शेतकरी कायद्याच्या भाषेत 'ग्राहक' असतो की 'धंदा करणारा'? प्रश्न साधा वाटतो, पण तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अशा प्रश्नांचा अभ्यास करणं, ते विद्यार्थ्यांना शिकवणं आणि त्यावर लिहिणं हे काही लोकांचं रोजचं काम असतं. ते म्हणजे कायद्याचे प्राध्यापक. त्यातही कंपनी कायदा, ग्राहक कायदा आणि स्पर्धा कायदा या तीन विषयांचे जाणकार.

गावाकडे कायदा शिकायचा म्हटलं की डोळ्यासमोर काळा कोट आणि तालुक्याचं कोर्ट येतं. कायदा शिकवण्याचंही करिअर असतं, हे फार थोड्या घरांत माहीत असतं. हे तीन कायदे शेतकऱ्याच्या कुठे कामाला येतात, त्यांचा प्राध्यापक काय करतो, आणि गावातल्या मुला-मुलीला तिथपर्यंत पोहोचायचं तर कोणत्या पायऱ्या चढाव्या लागतात, याची ही माहिती.

शेतकरी 'ग्राहक' आहे, हे कसं ठरलं?

आंध्र प्रदेशातल्या काही शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बीज निगमकडून बियाणं घेतलं होतं. पीक नीट आलं नाही, म्हणून ते जिल्हा ग्राहक मंचात गेले. तिथून वाद वर वर जात सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि १६ जानेवारी २०१२ रोजी निकाल लागला.

बियाणं पुरवणाऱ्या निगमचे मुख्य मुद्दे असे होते. बियाण्यांसाठी १९६६चा स्वतंत्र बियाणे कायदा आहे, तेव्हा ग्राहक मंचाचा इथे संबंध नाही. शेतकरी पीक विकून पैसे कमावतो, म्हणून तो ग्राहक नाही. आणि बियाणं सदोष होतं हे प्रयोगशाळेत तपासून सिद्ध झालेलं नाही.

न्यायालयाने हे मुद्दे मान्य केले नाहीत. स्वतंत्र बियाणे कायदा असला तरी त्यात शेतकऱ्याला नुकसानभरपाई मिळण्याची सोय नाही, त्यामुळे ग्राहक कायद्याचा दरवाजा त्याला उघडाच आहे, असं न्यायालयाने म्हटलं. बियाणं घेऊन शेती करणारा शेतकरी ग्राहक ठरला. प्रयोगशाळेच्या मुद्द्यावर तर न्यायालयाने अगदी शेतकऱ्याच्या मनातलं बोलून दाखवलं. शेतकरी आणलेलं सगळं बियाणं पेरतो. उद्या भांडण होईल म्हणून त्यातलं मूठभर बाजूला काढून ठेवेल, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. विकणाऱ्याकडे त्याच लॉटचे नमुने असतात. ते त्याने तपासायला पुढे आणावेत.

आज बियाण्याच्या तक्रारीत हा निकाल ठिकठिकाणी पुढे ठेवला जातो. लॉ कॉलेजात ग्राहक कायदा शिकवताना 'ग्राहक कोण?' हा पहिलाच धडा असतो आणि त्यात हा निकाल शिकवला जातो. ज्या विद्यार्थ्याला पेरणी म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्याला हा धडा लगेच कळतो. ज्याने बियाण्याची पिशवी कधी पाहिलेली नाही, त्याला आधी ती समजावून सांगावी लागते. गावातला विद्यार्थी या विषयात मागे नसतो. काही बाबतींत तो दोन पावलं पुढेच असतो.

तीन कायदे, गावाच्या भाषेत

ग्राहक कायदा: १९८६चा जुना कायदा जाऊन ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तू किंवा सेवा पैसे देऊन घेतली आणि त्यात खोट निघाली, की हा कायदा कामाला येतो. तक्रार आता तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीच्या गावी जायची गरज नाही. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालतं. ही रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. तक्रार घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते.

कंपनी कायदा: हा फक्त मुंबईच्या बड्या कंपन्यांचा विषय आहे असं वाटत असेल, तर तुमच्या तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे बघा. २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन 'प्रोड्युसर कंपनी' हा प्रकार आला. आता तो २०१३च्या कंपनी कायद्यात स्वतंत्र प्रकरण म्हणून आहे. किमान १० शेतकरी एकत्र येऊन अशी कंपनी काढू शकतात. त्यात किमान ५ संचालक लागतात. कोणाकडे कितीही शेअर असले, तरी एका शेतकरी सभासदाला एकच मत. नाशिक जिल्ह्यात मोहाडीची सह्याद्री फार्म्स याच वाटेने मोठी झाली.

मात्र गफलत होते ती कागदात. सोसायटी सहकार खात्याकडे असते, पण प्रोड्युसर कंपनीचा कारभार कंपनी निबंधकांकडे जातो. दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र ऑनलाइन भरावं लागतं. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागतं. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर हिशोब ७३ हजारांवर जातो. सलग ३ वर्षं विवरण भरलं नाही तर संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरू शकतात, दुसऱ्या कंपनीतही त्यांना संचालक होता येत नाही. सरकार मधूनमधून सवलत योजना आणतं, पण तिच्या भरवशावर बसणं महागात पडतं. केंद्राने २०२० मध्ये १० हजार शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करण्याची योजना आणली. संस्था वाढल्या, तसा हा कायदा सोप्या मराठीत समजावून सांगणाऱ्यांची गरजही वाढली.

स्पर्धा कायदा: हे नाव सर्वांत कमी ऐकलेलं. खेळाच्या स्पर्धेशी याचा संबंध नाही. बाजारात विकणारे खरोखर एकमेकांशी स्पर्धा करतात की आतून हातमिळवणी करून भाव ठरवतात, हे पाहणारा हा २००२चा कायदा आहे. त्यासाठी भारतीय स्पर्धा आयोग आहे. या कायद्याच्या दोन मुख्य बाजू आहेत. एक, प्रतिस्पर्ध्यांनी संगनमत करून भाव ठरवणं, माल अडवणं, बाजार वाटून घेणं किंवा टेंडरमध्ये साटंलोटं करणं यांवर बंदी. दोन, बाजारात वरचढ असलेल्याने त्या ताकदीचा गैरवापर करण्यावर बंदी. नुसतं मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरफायदा घेणं हा आहे.

घर बांधणाऱ्याला पटेल असं उदाहरण सिमेंटचं. २०१२ मध्ये आयोगाने संगनमताच्या आरोपावरून ११ सिमेंट कंपन्यांना मिळून ६ हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग्राहक आयोग तक्रारदाराला भरपाई देतो, तर स्पर्धा आयोगाचा दंड सरकारी तिजोरीत जातो. संगनमतामुळे ज्याचं नुकसान झालं, त्याला भरपाईसाठी वेगळा अर्ज अपिलीय न्यायाधिकरणात करावा लागतो.

प्राध्यापक नेमकं करतात काय?

वर्गात तास घेणं हा कामाचा एक भाग झाला. बाकीचं काम बाहेरून दिसत नाही.

पहिलं, संशोधन. कांद्याचंच घ्या. भाव कोसळला की शेतकरी म्हणतो, व्यापाऱ्यांनी ठरवून पाडला. हे खरं की खोटं, हे चावडीवर बसून ठरत नाही. २०१२ मध्ये स्पर्धा आयोगासाठी बंगळुरूच्या सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेच्या अभ्यासकांनी महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कांदा बाजारांचा अभ्यास केला. बाजार समित्यांत व्यापारी किती, माल किती जणांच्या हातात जातो, नवा व्यापारी आत येऊ शकतो का, असे प्रश्न त्यात तपासले गेले. लिलावात खरी स्पर्धा कमी पडते, असा त्याचा रोख होता. असा अभ्यास म्हणजे कायदा आणि अर्थशास्त्र दोन्ही जाणणाऱ्यांचं काम.

दुसरं, न सुटलेल्या प्रश्नांवर लिहिणं. बीटी कापसाच्या तंत्रज्ञानासाठी बियाणे कंपन्यांकडून घेतली जाणारी रक्कम आणि घातलेल्या अटी यांबद्दल स्पर्धा आयोगाने २०१६ मध्ये चौकशीचा आदेश दिला होता. पण तंत्रज्ञानावर पेटंट असेल तर स्पर्धा आयोगाला त्यात पडण्याचा अधिकार आहे का? दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पेटंट कायद्याच्या बाजूने कौल दिला. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांसाठी हा प्रश्न थेट खिशाचा आहे. पेटंटवाल्याचा हक्क कुठे संपतो आणि शेतकऱ्याचं हित कुठे सुरू होतं, यावर दोन्ही बाजूंनी अभ्यासपूर्ण लिहिणारे लोक लागतात.

तिसरं, कायदे घडवण्यात मत देणं. नवा कायदा किंवा दुरुस्ती येते तेव्हा सरकार मसुदा लोकांसमोर ठेवतं. ऑनलाइन बाजारातल्या बड्या कंपन्यांसाठी वेगळा स्पर्धा कायदा हवा का, याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला आणि त्यावर सूचना मागवण्यात आल्या. अशा वेळी विद्यापीठांतल्या अभ्यासकांची मतं कामाला येतात.

चौथं, प्रशिक्षण. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या मदतीने ग्राहक कायद्याचं खास अध्यासन चालतं. अध्यासन म्हणजे एका विषयाला वाहिलेलं अभ्यासाचं आसन. संशोधन, पुस्तकं आणि प्रशिक्षण अशी कामं तिथून होतात.

पुढे अनुभव जमा झाला की सरकारी आयोगांची दारंही उघडू शकतात. स्पर्धा आयोगाच्या सदस्यासाठी कायदा, अर्थशास्त्र, व्यापार अशा क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव धरला जातो. त्यात प्राध्यापकाचा अनुभवही बसू शकतो.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते. पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. राज्यघटनेच्या शिल्पकाराने त्याआधी व्यापाराचा कायदा वर्गात शिकवला होता, हे अनेकांना माहीत नसतं.

बारावीपासून प्राध्यापकीपर्यंतच्या पायऱ्या

पायरी पहिली, एलएलबी. याला दोन वाटा आहेत. बारावीनंतर ५ वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा कोणतीही पदवी घेऊन ३ वर्षांचा. शाखेची अट नाही. कला, वाणिज्य, विज्ञान, कृषी, काहीही चालतं. गुणांची अट खुल्या वर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के अशी आहे.

राज्यातल्या लॉ कॉलेजांसाठी सीईटी सेलची लॉ सीईटी द्यावी लागते. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचं असेल तर 'क्लॅट' ही देशपातळीची परीक्षा आहे. ती इंग्रजीतून असते.

इथे एक सावधगिरी. एलएलबी पत्राने किंवा घरबसल्या करता येत नाही. "हजेरी नको, फक्त परीक्षेला या" असं कोणी सांगत असेल तर पैसे भरण्याआधी थांबा. कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, हे आधी बघा.

पायरी दुसरी, एलएलएम. ही कायद्याची पदव्युत्तर पदवी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत १ वर्षाची, तर बऱ्याच जुन्या विद्यापीठांत २ वर्षांची. इथे विषय निवडायचा असतो. कंपनी, ग्राहक, स्पर्धा या विषयांत जायचं तर बहुतेक ठिकाणी 'व्यवसाय कायदा' किंवा 'कॉर्पोरेट कायदा' असा गट घ्यावा लागतो. एलएलएमला खुल्या वर्गासाठी किमान ५५ टक्के आणि राखीव वर्गासाठी ५० टक्के गुण पाहिजेत. ते नसतील तर पुढची पायरी अडते. म्हणून 'पास झालो की बास' हा हिशोब इथे चालत नाही.

पायरी तिसरी, नेट किंवा सेट. सहायक प्राध्यापक होण्यासाठी यातली एक परीक्षा पास व्हावी लागते. नेट देशभर चालते. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र व गोव्यासाठी असते. दोन्हींत कायदा हा विषय आहे. सहायक प्राध्यापकासाठी नेट देण्याला वयाची मर्यादा नाही. त्यामुळे लग्न-संसारानंतर शिकणाऱ्या महिलांना आणि वकिली करता करता शिकणाऱ्यांनाही ही वाट बंद नाही. नेटमध्ये वरचा क्रमांक आला तर 'जेआरएफ' ही संशोधनवृत्ती मिळते. २०२३ पासून ती महिन्याला ३७ हजार रुपये आहे आणि दोन वर्षांनी ४२ हजार होते. मात्र जेआरएफला वयाची अट आहे: खुल्या वर्गाला ३० वर्षं, राखीव वर्गाला आणि महिलांना ५ वर्षांची सवलत.

पायरी चौथी, पीएचडी. यूजीसीच्या २०२३च्या बदलानंतर सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या नोकरीसाठी पीएचडी सक्तीची राहिली नाही, नेट किंवा सेट पुरते. पण पुढे बढती हवी, स्वतःचं संशोधन उभं करायचं, तर पीएचडी लागतेच. किमान ३ वर्षं धरून चाला. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आपापल्या समाजघटकांतल्या पीएचडी करणाऱ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. जाहिरात कधी निघते, त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

पैसा किती, आणि खरी अडचण कुठे?

कायम नोकरीत सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे महिना ५७,७०० रुपये आहे. त्यावर भत्ते वेगळे. आकडा चांगला आहे.

अडचण ही की कायम जागा सहज निघत नाहीत. निघाल्या तरी अर्ज करणारे भरपूर असतात. राज्यातल्या अनेक कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिक्षक घेतात. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टीत काही नाही. नेट झालेले, पीएचडी झालेलेही वर्षानुवर्षं असे काम करताना दिसतात. त्यामुळे "एलएलएम केलं की नोकरी पक्की" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

दुसरी अडचण फी. राष्ट्रीय विधी विद्यापीठाची फी, वसतिगृह, जेवण असा वर्षाचा खर्च लाखांत जातो. सरकारी आणि अनुदानित लॉ कॉलेजात तो पुष्कळ कमी असतो, शिवाय शिष्यवृत्ती आणि फी सवलत महाडीबीटीवरून मिळते. मोठ्या नावासाठी जमीन गहाण टाकून पहिलं पाऊल टाकण्यापेक्षा, जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त कॉलेजात एलएलबी करून एलएलएमसाठी चांगल्या विद्यापीठात जाणं, हा अनेकांना परवडणारा मार्ग आहे.

तिसरी अडचण इंग्रजी. राज्यातल्या अनेक विद्यापीठांत एलएलबीची उत्तरं मराठीतून लिहिता येतात. पण वरच्या न्यायालयांचे निकाल, आयोगांचे आदेश आणि संशोधन बहुतेक इंग्रजीत असतं. मराठी माध्यमातून आल्याने दार बंद होत नाही. पण पहिल्या वर्षापासून रोज एका निकालाची दोन-चार पानं इंग्रजीत वाचायची आणि त्याचं सार मराठीत लिहायचं, ही सवय लावावी लागते. एलएलएमला पोहोचेपर्यंत तेच भांडवल होतं.

हातात दुसरा पर्याय ठेवणंही शहाणपणाचं. वकिलाला नियमाप्रमाणे दिवसातले ३ तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. त्यामुळे सुरुवातीची वर्षं सकाळी कॉलेज आणि दुपारी कोर्ट असं करणारे असतात. मात्र पूर्णवेळ पगारी प्राध्यापक झाल्यावर वकिली करता येत नाही. कंपनी कायदा चांगला येत असेल तर कंपनी सेक्रेटरीचा कोर्सही जोडीला करता येतो. शेतकरी कंपन्यांची वार्षिक कागदपत्रं हे काम तालुक्यातही मिळू शकतं.

तिघांतला कोणता विषय घ्यावा?

एलएलबीला कंपनी कायदा आणि ग्राहक कायदा हे अभ्यासक्रमात असतातच, त्यामुळे ते शिकवणारे सगळ्या लॉ कॉलेजांना लागतात. स्पर्धा कायदा बऱ्याच ठिकाणी पर्यायी असतो. तो शिकवणारे कमी आणि जागाही कमी, पण संशोधनाला मोकळं रान. आकडेमोड आणि बाजाराचं गणित आवडत असेल तर हा विषय घ्यावा. लोकांत मिसळून काम करायला आवडत असेल तर ग्राहक कायदा. शिस्तीचं, कागदाचं आणि हिशोबाचं काम जमत असेल तर कंपनी कायदा.

कृषी पदवीधरांनी तर याचा जरूर विचार करावा. बियाण्याची उगवण क्षमता, लॉट नंबर, औषधाची मात्रा हे ज्याला कळतं आणि वर कायदाही येतो, असा माणूस वर्गातही उपयोगी पडतो आणि आयोगापुढेही.

प्राध्यापक घडेपर्यंत गावाने काय करावं?

यातलं काही आजच वापरता येतं.

बियाणं, खत, औषध घेताना पक्कं बिल घ्या. पिशवी आणि त्यावरचं लेबल फेकू नका. मोबाइलवर लॉट नंबरचा फोटो काढून ठेवा.

उगवण झाली नाही तर शेत मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. कृषी विभागाची तालुका तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. पुढे आयोगात हाच कागद सर्वांत जास्त कामाला येतो. दुबार पेरणीची घाई समजण्यासारखी आहे, पण पंचनाम्याआधी नांगर फिरला की पुरावाही मातीत जातो.

ग्राहक तक्रारीच्या प्राथमिक मदतीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आयोगात ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार करता येते. मोफत कायदेशीर मदतीसाठी तालुका विधी सेवा समिती आहे आणि तिचा देशभरचा हेल्पलाइन नंबर १५१०० आहे.

शेतकरी कंपनीचे संचालक असाल तर मागच्या ३ वर्षांची विवरणपत्रं भरली आहेत का, एवढं सीएला या आठवड्यात विचारा. "सगळं केलंय" या उत्तरावर थांबू नका, भरल्याची पावती मागा.

आणखी एक. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक लॉ कॉलेजला कायदा सहाय्य केंद्र चालवावं लागतं. जवळच्या कॉलेजला ग्रामपंचायतीने पत्र दिलं, तर विद्यार्थी आणि प्राध्यापक गावात येऊन बियाणं, विमा, शेतकरी कंपनी या विषयांवर माहिती देऊ शकतात. खर्च फारसा नाही, विचारायला हवं. त्या दिवशी बारावीची मुलं-मुली सभेत पुढे बसवा. काळ्या कोटाशिवायही कायद्यात काम असतं, हे त्यांना तिथेच दिसेल, आणि लॉ सीईटीचा अर्ज कसा भरायचा हे विचारायला समोर माणूसही असेल.